नंबर सगळ्यांचे आहेत, मग पत्र कशाला?

नमस्कार,

लोकप्रतिनिधी कसा शोधावा आणि त्याच्याशी संपर्क कसा करावा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की हा शहरातल्या रिकामटेकड्या लोकांचा छंद आहे. गावात सरपंचापासून आमदाराच्या पीएपर्यंत सगळ्यांचे नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचं छप्पर तीन पावसाळे गळतंय, सगळ्यांना सांगून झालंय, कुणी हललेलं नाही. काम होतं ते पुढाऱ्याच्या माणसाला धरलं तरच. आणि जिल्हा परिषदेत चार वर्षं निवडून आलेले सदस्यच नव्हते तेव्हा पत्रं कुणाला लिहायची होती, असा टोलाही शेवटी हाणलाय.

छपरापासूनच सुरुवात करतो. बाकीचे वाद त्यापुढे फुटकळ आहेत.

तुम्ही सरपंचाला, पंचायत समितीच्या माजी सदस्याला आणि आमदाराच्या पीएला एकच वाक्य सांगितलंत: 'शाळा गळतेय, बघा जरा.' तिघांनीही 'बघतो' म्हटलं असणार. एकच वाक्य तिघांना सांगितलं की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय होते. प्रत्येकाच्या हातात काय आहे ते वेगळं आहे, म्हणून मागणीही वेगळी हवी.

इमारत जिल्हा परिषदेची. छपराचे दोन-चार पत्रे बदलायचे असतील तर ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीतून करू शकते, पण त्यासाठी ते काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात असावं लागतं. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण 2 ऑक्टोबरच्या सुमारास तयार व्हायला लागतो. म्हणजे सरपंचांना 'बघा' म्हणण्यापेक्षा ग्रामसभेत उभं राहून 'हे काम आराखड्यात घ्या आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहा' असं म्हणायला हवं. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या ग्रामसभांची गोष्ट तुम्ही मला सांगाल, ठाऊक आहे. शाळेत मुलं असलेली पंधरा-वीस घरं जरी ठरवून आली तरी त्या सभेचा रंग बदलतो.

खोली मुळातच धोकादायक झाली असेल तर प्रकरण मोठं. मग पंचायत समितीच्या अभियंत्याने पाहणी करायची, निर्लेखनाचा, म्हणजे जुनी खोली नोंदीतून काढून टाकायचा प्रस्ताव जायचा, मग नवी खोली. आणि इथे एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात, मुख्याध्यापक दरवर्षी शाळेची माहिती भरतात. त्यात किती खोल्या सुस्थितीत, कितींना किरकोळ दुरुस्ती हवी आणि कितींना मोठी, असे रकाने असतात. तुमच्या शाळेच्या सगळ्या खोल्या तिथे 'सुस्थितीत' लागलेल्या असतील तर तुम्ही कुणालाही फोन करा, वरच्या कागदावर तुमची शाळा गळतच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. त्यांनी हा आकडा मागून बघावा. आमदाराच्या नंबरापेक्षा हे काम आधीचं.

आता पैसा. मोठ्या दुरुस्तीचा पैसा बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीतून येतो, आणि तिचा अध्यक्ष पालकमंत्री. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या उतरंडीत पालकमंत्र्याला जागा नाही. तो तुमच्या मतदारसंघातला असेलच असं नाही, कित्येकदा जिल्ह्यातलाही नसतो. तरी जिल्हा वार्षिक योजनेच्या चाव्या त्याच्याकडे. आमदाराला पत्र लिहायचं तर 'शाळेकडे लक्ष द्या' असं नको. 'जिल्हा नियोजन समितीत शाळा दुरुस्तीखाली आमच्या शाळेचं नाव सुचवा, किंवा स्थानिक विकास निधीतून एका वर्गखोलीची शिफारस करा' असं हवं. शिफारस म्हणतोय, कारण आमदार किंवा खासदार निधीचा चेक स्वतः फाडत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून मिळते. खासदार निधी वर्षाला 5 कोटींचा, लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ. त्यात तुमचं छप्पर कुठे बसतं याचा अंदाज तुम्हीच करा. खासदाराला या कामासाठी मी तरी लिहिणार नाही.

गोची अशी, की छप्पर गळतं जूनमध्ये आणि जिल्ह्याच्या पैशांचं गणित ठरतं डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला, जेव्हा शाळा कोरडी ठणठणीत असते. पावसाळ्यात काढलेले फोटो, तारखेसकट, तोवर जपून ठेवा.

कार्यकर्त्याबद्दल. काम त्याच्याकडून होतं हे मी कुठे नाकारलंय? रात्री दोनला रुग्णालयात खाट हवी असेल किंवा पोलिस ठाण्यात सोबत हवी असेल तर पत्र लिहीत कोण बसतो, मीही त्यालाच फोन करतो. पण छपराला अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. यातला एकही कागद कार्यकर्त्याच्या शब्दावर निघत नाही. तो फार तर थांबलेली फाइल पुढच्या टेबलावर सरकवतो, आणि त्यासाठी आधी फाइल असावी लागते. तुमच्या शाळेची फाइल आहे का? तीन पावसाळ्यांत सगळं तोंडी झालं असेल तर नसणार.

म्हणून पत्र. दोन प्रती घेऊन जायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच मिळाली की चित्र बदलतं, कारण सरकारी कार्यालयाला 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा लागू आहे. एका टेबलावर फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं तो सांगतो. पाळला जातो का? फारसा नाही. पण आवक क्रमांक हातात असेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात 'या क्रमांकाच्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली, सध्या ते कुणाकडे आहे' एवढंच विचारता येतं, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात असला अर्ज टाकून हाती काही लागत नाही. म्हणूनच लोकप्रतिनिधीला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत संबंधित अधिकाऱ्याला द्यायची. तुमच्या बाबतीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. लोकप्रतिनिधीचं लेटरहेड मिळालं तर उत्तमच, फक्त त्यावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढाच शेरा असेल तर फार हुरळून जाऊ नका. त्या चार शब्दांच्या पत्रांचे गठ्ठे प्रत्येक कार्यालयात असतात.

आता तुमचा टोला. चार वर्षं सदस्य नव्हते हे खरंच आहे, आणि काही ठिकाणी ती चारपेक्षाही जास्त होती. नवी मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद इथे 2020 पासून प्रशासक होते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. बहुतेक जिल्हा परिषदांवरही 2022 मध्येच प्रशासक बसले. राज्यघटना म्हणते की मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हावी. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयातल्या तारखा यांत ते वाक्य वाहून गेलं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे चाकं हलली.

पण त्या काळात अधिकार हवेत विरले नव्हते. सभागृहाचे आणि समित्यांचे अधिकार एकाच खुर्चीत गोळा झाले होते: महापालिकेत आयुक्त, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. तेव्हा पत्र त्यांना लिहायचं होतं. तुमच्या जिल्हा परिषदेवर अजून प्रशासक असेल तर आजही त्यांनाच. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि तहसील पातळीवर तिसऱ्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, तो काही सदस्यांवर अवलंबून नव्हता. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, हे न कळल्यामुळे कितीतरी लोक त्या दिवशी हात हलवत परत येतात.

माझ्या मते त्या वर्षांचं खरं नुकसान वेगळंच आहे. नगरसेवक नाहीत म्हणून लोक गटार तुंबल्याची तक्रार घेऊन आमदाराकडे जायला लागले. आमदारांनाही ते सोयीचं, दिव्याच्या खांबावर स्वतःचं नाव लागतं. आता नगरसेवक आले तरी गटारं आमदारांकडेच आहेत. मग अधिवेशनात त्यांनी काय केलं हे विचारतो कोण? शिक्षकांची रिक्त पदं, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या, पीकविम्याचे निकष, हे विधानसभेतच विचारायचे प्रश्न. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना), औचित्याचा मुद्दा ही सभागृहातली हत्यारं फक्त आमदारांकडे असतात, सरपंचाकडे नाहीत. मुलांच्या सकाळच्या एसटीबद्दल आमदाराला लिहिताना 'तारांकित प्रश्न विचारा' असं स्पष्ट लिहा, आणि अधिवेशनाच्या काही आठवडे आधी लिहा. ऐन अधिवेशनात आठवण झाली तर लक्षवेधीसाठी सांगा. नागरिकांचे अर्ज घेणारी विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, तिच्याकडे सहसा कुणी फिरकत नाही.

शहरातल्यांसाठी एक जोड, कारण याच लेखाखाली पुण्याच्या एका वाचकाने विचारलंय की आमच्या प्रभागात चार नगरसेवक, त्यातला आमचा कोणता? चौघेही. अ, ब, क, ड या जागा आहेत, गल्ल्या नव्हेत. 'तो भाग माझ्याकडे येत नाही' ही त्यांची आपसातली वाटणी झाली. चौघांची नावं वर घालून एकच पत्र द्यावं, म्हणजे चौघांनाही दिसतं की बाकी तिघांना कळलंय.

'शोधायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत असतं' हे मात्र मला पटलं नाही. पनवेलचा माणूस रायगड जिल्ह्यात राहतो आणि त्याचा लोकसभा मतदारसंघ मावळ. दापोली रत्नागिरी जिल्ह्यात, पण मत रायगडच्या खासदाराला. तालुका किंवा पिनकोड बघून मतदारसंघ ठरवणारे पुष्कळ चुकतात. मतदार यादीत नाव जिथे, तो आपला मतदारसंघ. निवडणूक आयोगाच्या 1950 या हेल्पलाइनवर फोन करूनही कळतं. पदवीधरांनी आणि शिक्षकांनी वेगळे निवडून दिलेल्या आमदारांची तर बहुतेकांना कल्पनाच नसते. विधान परिषदेच्या 78 पैकी 14 जागा त्यांच्या आहेत. तुमच्या शाळेतल्या गुरुजींचे प्रश्न पोटतिडकीने मांडायचं कारण असलं तर ते पदवीधरांच्या आमदाराला आहे, कारण पदवीधरांच्या मतदार यादीत नाव घालणारे मोजकेच असतात आणि ती यादी दर निवडणुकीला नव्याने होते. पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील तर त्या यादीसाठी अर्ज क्रमांक 18 भरा, गावातल्या चार जणांना भरायला लावा.

नंबर बदलतात, पीए बदलतात. विधान भवन, मुंबई 400032 या पत्त्यावर सदस्याच्या नावाने पाठवलेलं पत्र मात्र पोहोचतं. स्पीड पोस्टाच्या पावतीचा फोटो काढून ठेवा.

तुमच्या शाळेचं म्हणाल तर व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत यू-डायसचा दुरुस्तीचा रकाना मागवा आणि छपराचा ठराव करून घ्या. तालुका कोणता आणि जिल्हा परिषदेत सध्या सदस्य आहेत की प्रशासक, एवढं इथे खाली कळवलंत तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून देतो. ठरावाची तारीख आणि क्रमांक घालायला जागा मोकळी ठेवीन.