पैठणीच्या साइटबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात तुमची पैठणीची साइट दीड दिवस बंद होती, विचारलं तर ‘मेंटेनन्स चालू आहे’ एवढंच सांगितलं, आणि फुकटातलं सॉफ्टवेअर लावून आम्ही पैसे घेतो. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नवरात्राच्या ऑर्डरींच्या तोंडावर तुम्हाला अंधारात ठेवलं. मी स्वतः फोन करायला हवा होता. मनापासून माफी मागतो.

घडलं ते असं. जगभरचे प्रोग्रामर एनपीएमवरून तयार कोडची पॅकेजेस घेतात. तिथली काही पॅकेजेस सांभाळणाऱ्या एकाला मेल आला: टू-फॅक्टर (पासवर्डसोबतची दुसरी खातरजमा) अपडेट करा, नाहीतर 10 सप्टेंबरपासून खातं लॉक होईल. मेल होता ‘एनपीएमजेएस डॉट हेल्प’वरून, खरा पत्ता ‘डॉट कॉम’. तेवढ्यावर खातं चोरांच्या हाती गेलं. 8 सप्टेंबर 2025 ला, सोमवारी, आपल्या घड्याळात संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास चॉक, डीबग अशा 18 पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या यायला लागल्या. ही पॅकेजेस आठवड्याला 200 कोटींहून जास्त वेळा डाउनलोड होतात.

आणि सव्वासातला आम्ही तुमच्या साइटवर साडीचा फोटो झूम होत नव्हता, ती दुरुस्ती चढवली. कोणत्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची याची नोंद लॉकफाइलमध्ये असते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ती फाइल आम्ही जपलेलीच नव्हती. त्यामुळे बिल्डने (साइटचा कोड जुळवून तयार करण्याच्या प्रक्रियेने) सर्वांत नवी आवृत्ती उचलली, डीबग 4.4.2. रात्री ती उघडून पाहिली, तर एकाच ओळीत हजारो अक्षरांचा गुंता. ब्राउझरमध्ये क्रिप्टो वॉलेटचा (बिटकॉइनसारखं डिजिटल चलन ठेवायच्या पाकिटाचा) व्यवहार दिसला की पैसे जिथे जायचे तो पत्ता काढून, दिसायला जवळपास तसाच चोराचा पत्ता बसवायचा, हे त्याचं काम.

तुमचे ग्राहक यूपीआयने, कार्डाने पैसे देतात. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या, एकही रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. जुनी आवृत्ती परत लावणं 20 मिनिटांचं काम होतं. पण या कोडने आणखी काय केलं असेल याची त्या रात्री खात्री देता येत नव्हती. म्हणून बिल्ड सर्व्हर पुसून नव्याने उभा केला, सगळ्या चाव्या आणि पासवर्ड बदलले, सीडीएनची (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेची) कॅशे, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रती, रिकामी केली. पुन्हा तशी वेळ आली तर साइट पुन्हा बंद ठेवीन, आधी तुम्हाला फोन करून.

‘फुकटातलं’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. एनपीएमवरचा हा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, म्हणूनच लोकांनी चोरी पकडली आणि बऱ्याचशा विषारी आवृत्त्या दोन-अडीच तासांत निघाल्या. तुम्ही आम्हाला पैसे देता ते त्यातलं नीट निवडून, त्यावर लक्ष ठेवण्याचे. तिथे आम्ही कमी पडलो.

आता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लॉकफाइल आहे, आणि तातडीची सुरक्षा-दुरुस्ती सोडली तर आठवडाभर जुनी झाल्याशिवाय कुठलीही नवी आवृत्ती घेत नाही. सप्टेंबरचं देखभालीचं बिल रद्द केलंय. त्या दीड दिवसात काय काय तपासलं, बदललं त्याची वेळेसकट नोंद तुमच्या मेलवर पाठवली आहे. ओळखीत कुणी जाणकार असेल तर त्यांना जरूर दाखवा, त्यांच्या प्रश्नांना मी स्वतः उत्तर देईन.