‘ताल चुकतो’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या तबल्याच्या गेमवर (तबला ऐकायचा आणि मात्रेवर, म्हणजे तालाच्या ठोक्यावर, बटण दाबायचं) तुम्ही स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर लिहिलेला रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुमचे २९९ रुपये आणि एक संध्याकाळ वाया गेली असं तुम्हाला वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मेनूतली अक्षरं फार बारीक आहेत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ती मोठी करतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, ‘समेवर बटण दाबलं तरी गेम चूक दाखवतो. ग्वाल्हेरचं नाव लावता आणि ताल सांभाळता येत नाही.’ सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, तीच चुकते म्हटल्यावर मला झोप लागली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याच रिव्ह्यूत दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही वायरलेस हेडफोन लावून खेळलात. दुसरी, ‘सुरुवातीची बुवांची बडबड स्किप केली.’ (बुवा म्हणजे गेममधले गुरू.) ब्लूटूथवर आवाज आधी दाबून छोटा केला जातो, मग हवेतून जातो, मग हेडफोन तो थोडा साठवून वाजवतो. यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, कधी जास्तही. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण प्लेअर चित्रही तेवढंच मागे ठेवतो. पण तुमचा अंगठा मागे कसा ठेवणार? मध्यलयीत, म्हणजे मध्यम वेगात, आम्ही मात्रेच्या अलीकडे-पलीकडे ९० मिलिसेकंदांची सूट देतो. तुमच्या कानाला सम ऐकू आली तेव्हा गेमच्या हिशेबात ती होऊन गेलेली होती. तुमचा हात चुकला नाही, आणि ताल तर मुळीच चुकला नाही.

बुवा तिथे बडबड करत नाहीत. ‘माझ्याबरोबर टाळी दे’ म्हणून ते सोळा टाळ्या मागतात, आणि त्या टाळ्यांवरून गेम तुमच्या हेडफोनचा उशीर मोजून घेतो. सेटिंगमधला एक रुक्ष आकडा गुरू-शिष्याच्या पहिल्या भेटीत बसवला, याचं आम्हाला फार कौतुक होतं. आता वाटतं, तो इतका बेमालूम बसला की गोष्टीचा भाग समजून लोक पुढे जातात. ही चूक आमची आहे, ती मान्य करतो.

दुसऱ्या बऱ्याच ताल-गेमांत पडद्यावर वरून ठिपके पडतात, ते बघून बटण दाबायचं. आवाज मागे राहिला तरी डोळ्यांनी सावरता येतं. आम्ही ठिपके ठेवले नाहीत, कारण तबला कानांनीच ऐकावा हीच तर मूळ कल्पना. ठिपके घाला असं तीन जणांनी सुचवलं. दीड महिना वाद झाला आमच्यात, शेवटी नाहीच घातले.

आणि ताल सांभाळण्याबद्दल. गेममधला तबला माझ्या काकांचा आहे. १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेल्या ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात ते शिकले. रेकॉर्डिंग ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी झालं, मे महिन्यात, रात्री एकनंतर, कारण दिवसा टेम्पोचे हॉर्न थांबत नाहीत. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. तबल्यावर घाम पडू नये म्हणून काकू दर टेकनंतर टॉवेल देत होत्या. क्लिक (कानात ठरावीक वेगाने वाजणारा ठोका) लावून वाजवायला काकांनी साफ नकार दिला. लय वाढते ती गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर, घड्याळाबरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

मग रेकॉर्डिंगमधल्या मात्रा गेमसाठी शोधायच्या कशा? सॉफ्टवेअर लावून पाहिलं. तिलवाडा या सोळा मात्रांच्या तालात दुसऱ्या आणि दहाव्या मात्रेला ‘तिरकिट’ येतं, तर ते त्यातला एकेक बोल वेगळी मात्रा धरत होतं. शेवटी माझ्या बहिणीने हेडफोन लावून, वायरवाले, एकेक मात्रा हाताने खूण केली. बारा मिनिटांच्या एका बंदिशीत हजाराच्या वर मात्रा. अशा सहा बंदिशी आहेत. त्यातली एखादी खूण इकडेतिकडे असेल, दाखवून द्या, त्याच दिवशी दुरुस्त करू. पण तुम्ही ३६ मिनिटं खेळून ‘कुणी टेस्टच केलेलं दिसत नाही’ असं लिहावं, हे लागलं.

आमच्यासारख्या छोट्या गेमला एकेक रिव्ह्यू किती जड जातो ते सांगतो. परवापर्यंत सोळापैकी तेरा चांगले होते, म्हणजे ८१ टक्के. तुमचा सतरावा. आता ७६, आणि स्टीमवर गेमच्या पानावरचं लेबलही एक पायरी खाली आलं. विक्रीतले ३० टक्के स्टीमचे, उरलेल्यात आम्ही तिघं. रिव्ह्यू बदला असं मी म्हणत नाही, तो तुमचा अधिकार आहे.

स्किपचं काहीतरी करतोच, पुढच्या अपडेटमध्ये किंवा त्याच्या पुढच्या. तोवर सेटिंगमध्ये ‘बुवांना पुन्हा भेटा’ आहे, तिथे सोळा टाळ्या द्या, नाहीतर साधे वायरवाले हेडफोन लावून तिसरी बंदिश एकदा ऐका. तरीही नाही पटलं तर पैसे परत मागा. खरेदीपासून चौदा दिवस आणि खेळाचे दोन तास होईपर्यंत स्टीम ते देतं, तुमचा अजून बराच वेळ शिल्लक आहे.

काका रोज विचारतात, लोक काय म्हणतात. आज त्यांना अक्षरं मोठी करायला सांगितलीत, एवढंच सांगितलं आहे.