मॅकबुकवर मोहावेच का ठेवलं: रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार देताना आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत: पैसे पूर्ण घेतले पण सिस्टिम जुनीच (मोहावे) ठेवली, काम उशिरा दिलं आणि घरी रेकॉर्डिंग करताना कटकट आवाज येतोय. गणपतीच्या आरत्यांचं काम तोंडावर असताना मशीन अडकलं की जीव टांगणीला लागतो, म्हणून सविस्तर लिहितो. असंच मशीन वापरणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

सिस्टिम जुनी राहिली हे खरं, पण ती मी जाणूनबुजून ठेवली. आपला मॅकबुक प्रो २०१२चा. त्यावर अधिकृतपणे चालणारी शेवटची सिस्टिम कॅटलिना, आणि २०१९ साली आलेल्या त्याच कॅटलिनापासून अ‍ॅपलने ३२ बिट, म्हणजे जुन्या पद्धतीचं, सॉफ्टवेअर चालणं बंद केलं. मशीन घेताना आपल्यासमोरच रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडून त्याला जोडलेले प्लगइन, म्हणजे वाद्यांचे आवाज देणारी छोटी सॉफ्टवेअर, एकेक तपासले होते. तानपुरा आणि तबला, आपले रोजचे दोन्ही ३२ बिटच निघाले आणि त्यांची ६४ बिट आवृत्ती कधी आलीच नाही. कॅटलिनाच्या आधीच्या मोहावेवर रीपर ते ब्रिज करून, म्हणजे मध्ये दुवा ठेवून, चालवतं. कॅटलिना टाकली असती तर आपले जुने प्रोजेक्ट उघडले असते, पण त्या दोन ट्रॅकमधून आवाजच आला नसता. दुसऱ्या दुकानात तासाभरात व्हेंचुरा ही आणखी नवी सिस्टिम टाकून देतात असं आपण लिहिलंय. ओपनकोअर लेगसी पॅचर या अनधिकृत टूलने या मशीनवर व्हेंचुरा चढते, ऑफिसच्या कामासाठी आम्हीही टाकून देतो. पण ३२ बिटचा प्रश्न त्याने सुटत नाही. हे काउंटरवर बोलणं झालं होतं आणि जॉबशीटवर ‘मोहावे कायम’ लिहून आपली सहीही घेतली होती.

पैसे घेतले ते ५४०० आरपीएमच्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, ४ जीबीच्या जागी १६ जीबी रॅम, एक केबल आणि मजुरी यांचे. अ‍ॅपल या मॉडेलला ८ जीबीची मर्यादा सांगतं, प्रत्यक्षात १६ व्यवस्थित चालते. नव्याने सिस्टिम टाकण्याऐवजी जुनी डिस्क क्लोन केली (जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली), कारण प्लगइन बनवणाऱ्याने सर्व्हरच बंद केला असेल तर लायसन्स पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट कुठून करणार? मूळ डिस्क आपल्याला तशीच परत दिली आहे. ती सांभाळून ठेवा.

उशीर झाला तो केबलमुळे. या १३ इंची मॉडेलमध्ये हार्डडिस्कपासून बोर्डापर्यंत एक चपटी पट्टी जाते. ती वळते त्या जागी आतून झिजते. मंद डिस्कवर कसंबसं निभावतं, एसएसडी लावली की एरर सुरू. आपला क्लोन मध्येच अटकत होता. तसाच रेटून मशीन हातात दिलं असतं तर ऐन रेकॉर्डिंगमध्ये फाइल खराब झाली असती. लॅमिंग्टन रोडवरून केबल मागवली, बदलली, मगच क्लोन पुन्हा केला.

कटकट आवाजाचं कारण आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्येच दिसतंय: बफर, म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ६४ सॅम्पलवर आहे. ४४.१ किलोहर्ट्झला याचा अर्थ दीड मिलिसेकंदाहूनही कमी वेळात प्रोसेसरने सगळं उरकायचं, आणि हा दोन कोअरचा जुना प्रोसेसर. शिवाय ब्रिज केलेल्या प्लगइनचा भार वेगळा. गाताना १२८ ठेवा, त्याने जेमतेम तीन मिलिसेकंद होतात, गाणाऱ्याला जाणवतही नाहीत. मिक्सिंगला ५१२ करा. तानपुऱ्याचा ट्रॅक फ्रीझ करून (तयार ऑडिओत बदलून) ठेवा आणि रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा.

एक गोष्ट मात्र पाळा. मोहावेला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. या मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत, येतील ते मेल उघडणंही नको. ते फोनवर करा.

तरीही नवी सिस्टिम हवीच असेल तर एसएसडीवर मोहावेला हात न लावता दुसऱ्या व्हॉल्यूमवर (वेगळ्या भागात) कॅटलिना टाकून देतो. मजुरी घेणार नाही. आपला एखादा जुना प्रोजेक्ट दोन्हीकडे उघडून स्वतः ऐका आणि ठरवा. येताना फायरवायरचा इंटरफेस (माइक मॅकला जोडायचा डबा), त्याची केबल आणि अ‍ॅडॅप्टर घेऊन या, म्हणजे बफरही इथेच लावून बघता येईल. शक्यतो सकाळी या. दुपारनंतर नौपाड्यात गाडी लावायला जागा मिळत नाही.