अर्धी पट्टी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. मंदी आली की नाही, हे मला टीव्हीवरच्या चर्चेआधी कळतं. बीपी-शुगरच्या गोळ्यांची पूर्ण पट्टी नेणारं गिऱ्हाईक अर्धी मागायला लागलं की समजायचं, मोंढ्यात शेतमालाचा भाव पडलाय नाहीतर पोराचं काम सुटलंय. लेकराचं औषध कुणी अर्धं नेत नाही. काटछाट सुरू होते ती म्हाताऱ्यांपासून, आणि बहुतेक वेळा ती म्हातारेच स्वतः करतात. "एक दिवसाआड घेतली तरी चालतंय की," असं उलट मलाच समजावतात.

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या आसपास गेलं होतं. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात भाव 4 हजार ते साडेचार हजारांत रेंगाळत होता. दरम्यान खताचं, फवारणीचं, मजुरीचं काय झालं ते कुठल्याही कास्तकाराला विचारा. 2025 च्या सप्टेंबरात तर कित्येकांची पिकासकट मातीच वाहून गेली. म्हणजे आपल्याकडं मंदी दोन दारांनी येते. एक मोंढ्यातून, दुसरी चाकण-वाळूजमधून. कंपनीच्या ऑर्डरी कमी झाल्या की आधी कंत्राटी पोरं घरी बसतात. खोलीभाडं, गाडीचा हप्ता, लेकराची फी हे काही थांबत नाही. थांबतात ते गावाकडं पाठवायचे दोन-तीन हजार. त्या पोराला मी वाईट म्हणणार नाही. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

आणि उलटा प्रवास तर कुणी मोजतच नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पोरं पुण्या-मुंबईहून परत आली, तेव्हा त्यांना कुणी पोसलं? म्हाताऱ्याच्या नावावरच्या दोन एकरांनी. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास चोवीस टक्क्यांनी आक्रसली आणि वाढलं ते एकटं शेती क्षेत्र. ती शेती बघायला गावात कोण राहिलंय? साठीच्या पुढची माणसं. आपण म्हातारपणाला ओझं म्हणतो, पण संकटात सगळं घर जाऊन टेकतं त्यांच्याच खांद्यावर.

"आपला देश तरुण आहे" हे भाषणात बरं वाटतं. महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी 1.7 मुलं आहेत, असं 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. केरळचा आकडा 1.8. म्हणजे लेकरं कमी होण्यात आपण केरळच्याही पुढं गेलोय. फक्त केरळसारखे दवाखाने आणि परदेशातून येणारा पैसा आपल्याकडं नाही. जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा. आपला क्रम उलटा लागतोय.

ऊसतोडीच्या गावात दिवाळीनंतर जाऊन बघा. बीड, धाराशिव, जालन्यातली कितीतरी गावं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली असतात. मागं उरतात आजी-आजोबा आणि शाळेतली लेकरं. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत तिथं घर चालवतो तो सत्तरीचा माणूस, पाणी भरण्यापासून नातवाला ताप आला तर तालुक्याला नेण्यापर्यंत. त्याला स्वतःला ताप आला तर कोण नेणार, याचं उत्तर अजून मला मिळालेलं नाही.

आणि अर्ध्या पट्टीचं पुढं काय होतं तेही सांगतो, कारण ते माझ्यासमोर घडतं. गोळी चुकते, एक दिवस लकवा मारतो. मग जीप करून लातूर किंवा अंबाजोगाई. सरकारी योजनेत इलाज झाला तरी सोबतच्या माणसाचा रोज बुडतो, येण्याजाण्याचा, जेवणाचा खर्च होतो, आणि घरी आल्यावर अंथरुणावरच्या माणसाजवळ कुणीतरी थांबावं लागतं. ती बहुतेक करून सून. तिची मजुरी बंद. हात कमी पडला की सावकार, आणि पुढच्या जूनमध्ये नातवाचा क्लास बंद. सुरुवात झाली होती महिन्याच्या शंभर-दोनशे रुपयांच्या गोळ्यांपासून. या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पाहिजेत, मिळतातही, पण दर महिन्याला तिथवर जायचं कसं? आशाताईंच्या हातून त्या घरपोच गेल्या तर माझा धंदा बसेल. बसू द्या.

आता धोरणाकडं येतो. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली. वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत, महिना 1,500. तीच बाई 65 ओलांडली की बाहेर. मग तिनं जायचं श्रावणबाळ योजनेकडं, म्हणजे राज्याच्या म्हातारपणाच्या पेन्शनकडं. रक्कम तीच, 1,500. पण तिथं उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार! महिन्याला 1,750 रुपये, सगळ्या कुटुंबाचे. काल अडीच लाखांत गरीब ठरलेली बाई आज 22 हजारांत श्रीमंत ठरते, आणि तेही नेमकं हात-पाय चालेनासे होतात त्या वयात. एवढ्या उत्पन्नात कुठलं घर चालतं? ज्याला दोन एकर आहेत त्याला केंद्राची पीएम किसान आणि राज्याची नमो शेतकरी योजना मिळूनच वर्षाला 12 हजार येतात. मग दाखले कसे निघतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि देणाऱ्यालाही. गरिबाला ही पेन्शन सुरू करायची तर आधी खोटं लिहून आणायला लावणारी ही अट आहे.

त्यात केंद्राचा वाटा तर आणखी भारी. 60 ते 79 वयाच्या माणसाला महिन्याला 200 रुपये. जवळपास वीस वर्षं तोच आकडा. वरून दरवर्षी हयातीचा दाखला, आणि आयुष्यभर खुरपं धरून बोटांच्या रेघा पुसल्या गेल्या म्हणून मशीनवर अंगठा उमटत नाही.

"पोरांनी बघायला नको का?" हे उत्तर तयारच असतं. त्यासाठी 2007 चा कायदा आहे, प्रांताकडं अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. पण ज्याच्याच हाताला काम नाही त्या पोराविरुद्ध कुठली माय प्रांताच्या दारात उभी राहणार? 2023 च्या मार्चमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला. त्यांचं चूक नव्हतं. पण कोयता चालवून म्हातारा झालेला माणूस संपावर जाऊन काय बंद पाडणार?

दुसरं तयार उत्तर, पैसा कुठून आणायचा. 1972 च्या दुष्काळातही हाच प्रश्न होता. तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच राज्यानं उभी केली, 1977 मध्ये तिचा कायदा केला, आणि तिच्यासाठी 1975 मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. काम मागणाऱ्याला काम, हा हक्क आधी इथं मान्य झाला, देशात नंतर. मग ज्याच्या अंगात खड्डा खोदायची ताकद उरली नाही, त्याचा हक्क कुठं गेला?

तो कर अजून कापला जातो. पुण्यातल्या पोराच्या पगारपत्रकात बघा, महिन्याला 200 रुपये. त्याच्या आजीला केंद्राकडून मिळतात तेवढेच. श्रावणबाळची अट लाडकी बहीणइतकी करा आणि त्यासाठी हा कर वाढवा, असं मी म्हणालो तर पोरं चिडतील. चिडू द्या. वर्षाला अडीच हजार मीही भरतो, दुकानाचे.