झोपायला शिकवणारी शाळा

लेकीनं शाळेत काढलेल्या अस्वलाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘यांच्या वर्गात सध्या हिवाळ्यातली विश्रांती शिकवतायत.’ डोंबिवलीहून भाऊजींचं उत्तर लगेच हजर: ‘झोपायला शिकवतात? त्यासाठी एवढं कॅनडाला जायची काय गरज होती?’ त्यावर हसरे चेहरे टाकणाऱ्यांत माझी सख्खी बहीणही होती.

भाऊजींचं हे जुनंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेव्हाही त्यांनी ग्रुपवर रान उठवलं होतं. त्याआधी राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं होतं. स्कूलबसवाल्यांची अडचण, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांची अडचण, नोकरदार आईबापांची अडचण, सगळ्या मान्य. पण भाऊजींचा मुद्दा तो नव्हताच. ‘आम्ही पहाटे उठून शाळेत गेलो, आमचं काय वाकडं झालं?’ काय वाकडं झालं ते ताईला विचारावं, मी त्यात पडत नाही.

तर लेकीच्या वर्गात काय चालतं? कॅनडातल्या आमच्या विनिपेगचा जानेवारी, इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर प्लगला लावलेली. वर्गात अनिशिनाबे या इथल्या आदिवासी समाजाच्या एक आजी येतात आणि नानाबुश या त्यांच्या खोडकर पुराणपुरुषाच्या गोष्टी सांगतात. या गोष्टी जमिनीवर बर्फ असेपर्यंतच सांगायच्या, हा नियम कित्येक घरांत आजही पाळतात. उन्हाळा मासेमारीचा, बेरी वेचण्याचा, पुढे रानतांदूळ झोडण्याचा. शिवाय गोष्टींतले प्राणी तेव्हा जागे असतात, त्यांच्या कानावर जायला नको. मग मुलं स्नोपँट चढवून मैदानात जातात आणि बर्फावर गप्प पडून राहतात. खाली पालापाचोळ्यात लाकूडबेडूक गोठलेला असतो. त्याचं हृदय थांबलेलं, श्वास बंद, अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी बर्फ झालेलं. यकृतातून सुटलेल्या साखरेमुळे पेशी तेवढ्या तगून राहतात, आणि वसंतात तो उठून उड्या मारायला लागतो.

चित्रातल्या अस्वलाच्या पोटात दोन पिल्लं दिसतात, जाड काळ्या रेघांनी बांधलेली. नॉर्व्हल मॉरिसो या ओजिब्वे, म्हणजे अनिशिनाबेंपैकीच, चित्रकारानं रूढ केलेली ही शैली. पवित्र गोष्टी रंगवून परक्यांना दाखवतो म्हणून त्याच्याच लोकांतले काही जण त्याच्यावर नाराज होते, हेही मुलांना सांगतात. काळ्या अस्वलाची मादी ऐन जानेवारीत, गुहेत पडल्यापडल्या विते आणि महिनोन्‌महिने न खातापिता पिल्लांना पाजते. आता सांगा भाऊजी, ही झोप आळसात मोजायची का?

आणि शिस्तीचं कौतुक इथे जरा जपून करावं लागतं. याच देशात दीड लाखांहून जास्त आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत घातलं होतं. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, आईची भाषा बोललं की शिक्षा. गोष्टी सांगणाऱ्या आज्या आणि ऐकणारी नातवंडं यांची ताटातूट पिढ्यान्‌पिढ्या झाली. यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद पडल्या. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यानंतर कुठे आदिवासींचा इतिहास वर्गात नेटानं शिकवायला लागले. म्हणून तर त्या आजी वर्गात खुर्चीवर बसतात.

हे वाचून इथे सगळं छान आहे असं कुणी समजू नये. आमच्या नळाला १९१९ पासून शोल लेकचं पाणी येतं. त्याच तळ्याकाठच्या शोल लेक ४० या आदिवासी वस्तीला १९९७ ते २०२१ पाणी उकळून पिण्याची सूचना होती. नागरिकत्वाच्या शपथेत मी आदिवासींचे करारहक्क मान्य केले, घरी आले आणि नळ सोडला.

आणि मी वाढले डहाणूत. चिकूच्या वाडीत वारली बायका कामाला यायच्या. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिणाऱ्या त्याच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती बातमी मी इथूनच सगळ्यांना पाठवली, ‘आमच्या गावाकडचे’ म्हणून. त्या बायकांना मात्र मजुरीपलीकडे आमच्या घरातल्या कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याकडे कुठल्या गोष्टी असतील हा प्रश्नही मला पडला तो विनिपेगला आल्यावर.

जुलैत मी लेकीला म्हटलं, भारतातल्या आजीला नानाबुशची एखादी गोष्ट ऐकव. ती व्हिडिओवर ठाम: ‘आता नाही. बर्फ नाहीये.’ मला वाटलं आई हिरमुसेल. आई म्हणाली, ‘बरोबर आहे तिचं. श्रावणातली कहाणी मी पौषात सांगेन का?’ आषाढीला देव झोपतो तो कार्तिकीला उठतो, त्याला कुणी आळशी म्हणत नाही. सकाळी साडेसहाला झोपलेलं बालवाडीतलं पोर मात्र आळशी.

मग आईनं श्रावणी शुक्रवारी सकाळी पूजा आटोपून कहाणी सांगायला घेतली. ‘आटपाट नगर होतं’ म्हणेपर्यंत लेकीनं अडवलं: ‘आजी, आज गुरुवार आहे.’ आमच्याकडे गुरुवारची रात्र होती, पण बाहेर उजेड होता आणि तिचा एक पाय सायकलवर. आई म्हणाली, मग तुमच्या शुक्रवारी रात्री सांगते. पण तेव्हा तिच्याकडे शनिवार उजाडतो, आणि शनिवारची कहाणी वेगळी. हिशेब करून पाहिला तर आमच्या सकाळी सातला दोन्हीकडे शुक्रवार असतो. फक्त सुट्टीत लेक तेव्हा गाढ झोपलेली असते, आणि ‘ऊठ’ म्हणायला आता माझं तोंड उघडत नाही.