कॅप्टन मार्व्हलचे मरण आणि काकांची फाईल

काकांच्या पोटातील गाठ कर्करोगाची आहे, हे सांगलीच्या आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त काकांना. तपासण्यांची फाईल कपाटात साड्यांच्या घडीखाली असे, केमोथेरपीला घरात ‘ताकदीचे सलाईन’ म्हणत, आणि न्यू जर्सीहून मी व्हिडिओ कॉल लावला की धाकटा चुलतभाऊ फोन घेऊन आधी गॅलरीत येई व बजावत असे, ‘दादा, अल्सरच म्हण.’ शेवटच्या महिन्यात काकांनी मला विचारले, ‘तू तरी खरे सांगशील ना रे?’ मी अल्सरच म्हणालो.

पुढे काही महिन्यांनी येथील सार्वजनिक वाचनालयातून माझ्या मुलीने जिम स्टारलिन यांचे ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल’ घरी आणले. मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या ग्राफिक नॉव्हेल (पुस्तकरूपी चित्रकथा) मालिकेतील हे पहिले पुस्तक १९८२ सालचे. आजच्या मुलांना माहीत असलेली कॅप्टन मार्व्हल वेगळी. हा तिच्या आधीचा, क्री या परग्रहवासी वंशाचा योद्धा मार-व्हेल. सुपरहिरोचे मरण म्हटले की १९९२ मधला सुपरमॅन आठवतो, जो डूम्सडेशी झुंजताना पडला आणि पुढच्याच वर्षी परतला. मार-व्हेलला मात्र कोणी शत्रू मारत नाही. एका जुन्या लढाईत विषारी वायूशी संपर्क आल्याने त्याला कर्करोग झाला आहे. मनगटांवरील ज्या कड्यांनी त्याला सामर्थ्य दिले त्यांनीच रोग इतकी वर्षे थोपवून धरला, आणि आता तीच कडी उपचारांच्या आड येत आहेत. शनीच्या टायटन या चंद्रावर, अंथरुणात, तो जातो. स्टारलिन यांचे वडीलही कर्करोगाने गेले होते, हे कळल्यावर त्या पानांमधला संयम मला अधिक समजला.

मी थबकलो ते एका साध्या गोष्टीपाशी. या कथेत रोग झाला आहे हे सर्वांत आधी रोग्यालाच कळते. तो आपल्या प्रेयसीला सांगतो, जिवलग मित्र रिक जोन्सला सांगतो. रिक संतापतो, निघून जातो, इतर नायकांकडे औषधासाठी धावाधाव करतो आणि शेवटी परत येऊन त्याच्याजवळ बसतो. मार-व्हेल आपल्या आयुष्याची हकीकत ध्वनिमुद्रित करून ठेवतो. ज्यांच्याशी तो जन्मभर लढला त्या स्क्रल या परग्रहवासी लोकांचा एक प्रतिनिधी येऊन त्याला शौर्यपदक देतो. रिकचे हे परत येणे आमच्या घरात घडूच शकले नाही, कारण काकांशी भांडायला किंवा त्यांची क्षमा मागायला मुळात कारणच शिल्लक ठेवले नव्हते.

सध्या आपल्याकडे वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, चर्चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. चर्चा स्वागतार्हच आहे. परंतु ज्याला आपला आजारच ठाऊक नाही त्याने इच्छापत्रात काय लिहावे, हा प्रश्न मला कोणी विचारताना दिसत नाही. ‘सांगितले तर हाय खाईल’ हे आपले ठरलेले उत्तर. त्यामागे माया आहे, हे मी मान्य करतो. पण काकांनी हाय खाल्ली नव्हती असे कोणी म्हणावे? त्यांनी ती एकट्याने खाल्ली, आणि आम्हाला कळू नये म्हणून गप्प राहिले, असे मला आता ठामपणे वाटते.

रोग्याला निदान सांगून टाकणे हा अमेरिकेचा स्वभाव, आपल्याला तो मानवणार नाही, असेही ऐकतो. तेही खरे नाही. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ च्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. म्हणजे अवघ्या अठरा वर्षांत अमेरिकेतील डॉक्टरांनी आपला विचार बदलला, आणि मार-व्हेलचे पुस्तक त्यानंतर तीनच वर्षांनी आले.

तरीही येथील सांगण्याचीच पद्धत उचलावी, असे मी म्हणणार नाही. २०२१ पासून येथे तपासणीचा निकाल तयार होताच रोग्याला थेट पाहता येतो. माझ्या एका सहकारी बाईंनी आपल्या बायोप्सीचा निकाल दुकानाच्या पार्किंगमध्ये, मोटारीत एकट्या बसून, फोनवर वाचला; डॉक्टरांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. सत्य त्यांना मिळाले, पण हात धरायला कोणी नव्हते. काकांच्या उशाशी मात्र अखेरपर्यंत माणूस होता. रात्री पाय चेपायला पुतणे पाळ्या लावत होते, शेजारच्या मावशी रोज पेज आणत होत्या. टायटनवर मार-व्हेलच्या खोलीत नायकांची जी दाटी होते, ती पाहताना मला सांगलीचे माजघरच आठवले. फरक इतकाच की तेथे जमलेल्यांपैकी कोणालाही खोटे बोलावे लागत नव्हते.

आता काकूंच्या तपासण्या चालू आहेत. मी चुलतभावाला लिहिले आहे की अहवाल हाती येण्यापूर्वीच काकूंना विचार: निदान काहीही निघाले तरी तुला ते ऐकायचे आहे का, आणि ऐकताना जवळ कोण हवे? नको म्हणाल्या तर तोही त्यांचाच निर्णय असेल. हो म्हणाल्या आणि माझे नाव घेतले, तर मी तिकीट काढून येईन.