काका, टॉर्च आणि बॉलपेन
भिंतीला भोक कसं पडलं ते विचारू नका, पडलं. जिप्सम बोर्डचा तुकडा बसवला, जोडावर टेप मारली, वरून कंपाउंडचे, म्हणजे सांधे भरायच्या लुकणाचे, पातळ पातळ हात दिले, प्रत्येक हात कडक वाळेपर्यंत गप्प बसलो. सगळं रीतसर. काल घासायला घेतलं आणि नेमके तेव्हाच शेजारचे काका दारात.

आल्या आल्या पॉलिश पेपर उलटा करून नंबर वाचला. "१५०? अरे ८० घे की, झटक्यात होईल!" आता नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत, ८० ने ओरखडे पडतात, कंपाउंडच्या बाजूचा बोर्डचा कागद सोलवटतो, त्याची लव सुटते आणि ती रंग मारल्यावरही खरखरीत दिसते, हे सगळं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. पण मास्कच्या आतून. त्यांना फक्त "हूं हूं" ऐकू गेलं. "मास्क काढून बोल की रे." काढला आणि पुढची पाच मिनिटं नुसता खोकलो.

ही धूळ म्हणजे काय चीज आहे ते ज्याने घासलंय त्यालाच विचारा. दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं होतं तरी आतल्या खोलीत बंद कपाटातल्या चष्म्यावर सापडली. ओल्या स्पंजने घासलं तर उडत नाही हे मलाही माहितेय, पण मग कडा तितक्या साफ येत नाहीत. असो.

तर काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि भिंतीला टेकवून तिरका मारला. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत तिरक्या उजेडात एकदम डोंगरदऱ्या. "हा बघ उंचवटा. हा खड्डा. इथे तर पाणी साठेल."

पाणी. उभ्या भिंतीवर.

टॉर्चची युक्ती बरोबर आहे हो, पण ती मी २२० नंबरच्या शेवटच्या हाताला करणारच होतो, माझा टॉर्च तिथेच स्टुलावर पडला होता! म्हटलं काका, जरा हात लावता का? "नको रे, मला धुळीचा त्रास आहे." आणि हा धुळीचा त्रास असलेला माणूस त्याच धुळीत पुढचा पाऊण तास उभा.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पेपर बदलायला खाली वाकलो तेवढ्यात त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून प्रत्येक खड्ड्याभोवती ठसठशीत गोल काढले. "म्हणजे तू विसरणार नाहीस."

पेन्सिल असती तर काही म्हणणं नव्हतं. बॉलपेनची शाई रंगाच्या हातातून वर झिरपते, दुसरा हात मारा, पुन्हा वर. नवीन कंपाउंड रंग जास्त पितं म्हणून साधा प्रायमर मारायचाच होता, आता आधी डाग दाबणारा वेगळा आणावा लागणार. शाई घासून काढावी तर तिथे आणखी खोल खड्डा, म्हणजे परत कंपाउंड, परत वाळवणं, परत ती धूळ. आणि आज सकाळी जिन्यात भेटले तर मला विचारतायत, "काय रे, अजून रंग नाही लावलास?"